परतीचा राणीछाप

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी प्रवीणला परतवेल आठवली.

उन्हाळ्यात लेकीची, चंचलची, सोयरीक ठरली तेव्हा आठवली नव्हती. पोळ्याला पोंभुर्ण्याहून चंचलसाठी साडी आली तेव्हा आठवली नव्हती. धान कापून झालं, आरमोरीच्या बाजारात बस्ता झाला, तेव्हाही नाही. आता अंगणात मांडव पडला होता, मागच्या बाजूला आचाऱ्याने लाखोरीच्या डाळीच्या वड्यांसाठी कढई चढवली होती, आणि प्रवीण अंघोळ न करता आईपुढे पाट घेऊन बसला होता.

"आई, आपल्यात परतवेल चालत नाई नं?"

सुगंधाबाई सुपात हळकुंडं निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पोराच्या आवाजात अचानक धर्म शिरला की आधी त्याच्या खिशात काय शिरलंय ते पाहावं, एवढं त्यांना इतक्या वर्षांत समजलं होतं.

"परतवेल म्हंजे कोणती?"

"म्हंजे तू पोंभुर्ण्याची. तिथून इथी आली. आता तुही नात इथून तिथीच चालली. वेल उलटी फिरते. घराले चांगलं नसते म्हणतात."

"कोण म्हणते?"

"लोकं."

"मांडव टाकाच्या आंधी नाई म्हटलं लोकायनं? आन् वेल फिरत नसे, तर मंग हा रुपया इकडून तिकडं काय एसटीनं फिरत होता?"

प्रवीण चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता. तिथली वीज आपल्यामुळेच तयार होते अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पण आईपुढे त्याचा फ्यूज लवकर उडे.

रुपया म्हणजे राणीछाप रुपया. चांदीचा, एका बाजूला मुकुटातली राणी. कोण्या पणजोबांच्या काळी आरमोरी आणि पोंभुर्णा इथल्या या दोन घरांनी एकमेकांना लेकी द्यायचं ठरवलं आणि साक्षीला हा रुपया ठेवला. लेक जाईल त्या घरी रुपया जाणार, आणि पुढे त्या घरची लेक परत या घरी आली की तिच्यासोबत परत येणार. साक्षगंधाला मुलीकडच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने तो मुलीच्या तळहातावर ठेवायचा आणि मुलाकडच्या सगळ्यात म्हाताऱ्या पुरुषाने तिची मूठ बंद करायची. मूठ बंद झाली की सोयरीक पक्की. मग ती देवालाही मोडता येत नसे, सुनांना तर नाहीच.

सुगंधाबाई स्वतः तो मुठीत धरून या घरात आल्या होत्या. तेव्हापासून तो हळदीच्या फडक्यात बांधलेला, मागच्या खोलीतल्या धानाच्या ढोलीत, धानाच्या खाली. कोणी काढला नाही, कोणी पुसला नाही. होता होता तो तव्याच्या बुडासारखा काळा झाला आणि राणी कुठल्या बाजूला आहे ते बोटाने चाचपून ठरवावं लागे.

मग दिवाळीत प्रवीणने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. मुंबईच्या कुठल्याशा लिलावात त्याच सालचा राणीछाप विकला गेला होता. दोन शौकीन माणसं समोरासमोर बसून आळीपाळीने हात वर करत होती, आणि शेवटी जो आकडा निघाला तो सांगताना बातमी देणाऱ्या बाईला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. आजवरचा विक्रम, असं ती म्हणाली. प्रवीणने ढोली उघडली, रुपयाचा फोटो काढला आणि नागपूरच्या एका नाणेवाल्या साहेबांना पाठवला.

साहेबांचा फोन याच आठवड्यात आला, तेव्हा प्रवीण अंगणातल्या बदामाखाली होता, कारण रेंज तिथेच येते. आणि त्याने फोन स्पीकरवर टाकला, कारण त्याला मोठा आवाज आवडतो. साहेब म्हणाले, "हा जो काळा थर दिसतोय ना, तोच याचा दागिना आहे. साल बरोबर आहे, झीज नाही. मुंबईच्या रुपयाला मागे टाकेल. पण घासू नका, धुऊ नका, बोटसुद्धा लावू नका. थर गेला की सगळं गेलं. मी रविवारी येतो."

हे घराने ऐकलं, शेजाऱ्यांनी ऐकलं, आणि शेजाऱ्यांच्या एका जावयाचं गाव पोंभुर्ण्याला लागून असल्यामुळे संध्याकाळपर्यंत तिकडेही ऐकलं गेलं. रविवारी साक्षगंध होतं, ही गोष्ट साहेबांना कोणी सांगितली नाही. त्या क्षणी ती घरातही कोणाला आठवली नाही.

"मी काय माह्यासाठी करून राह्यलो का?" प्रवीण आता म्हणाला. "पोरीच्याच नावानं टाकीन पैसा. साक्षगंध पुढच्या महिन्यात करू. एक महिन्यानं काय बिघडते?"

"रुपया विकून?"

"दुसरा घेऊ नं राणीछाप. सोनाराकडे ढीगभर पडले आहेत. ठेवून देऊ पोरीच्या हातावर. राणी तीच."

सुगंधाबाईंनी एक किडकं हळकुंड वेगळं काढलं. पुढचा महिना म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. आधी रुपया विकेल, मग पोंभुर्णेवाले वाटा मागतील, मग हे म्हणतील रुपया आमच्या घरी होता, ते म्हणतील आमच्या घरचा होता, आणि चंचल वकिलाच्या बाकड्यावर म्हातारी होईल.

तेवढ्यात आतून मुखरूभाऊ आले. हे सुगंधाबाईंचे थोरले भाऊ, म्हणजे नवरदेव सुरजचे आजोबा. पोंभुर्ण्याची मंडळी आज यायची होती, पण हे कालच एकटे एसटीने येऊन बसले होते. मुखरूभाऊ कमी बोलत. बोलण्याच्या जागी ते खर्रा घोटत. प्लॅस्टिकच्या पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने तो इतका मन लावून रगडत की त्यांची बोटं गेली कित्येक वर्षं सागाच्या सालीच्या रंगाची झाली होती.

"सूनबाई," ते प्रवीणच्या बायकोला, रंजीताला म्हणाले, "चिंच हाय का घरात? पित्त झालं. तोंडाले चव नाई."

"आहे नं मामाजी. डब्यात पाहा."

"आन् सुगंधा, धान पाहू का ढोलीतलं? औंदा कसं उतरलं?"

"पाय नं भाऊ. इचारते काय."

मुखरूभाऊ आत गेले. प्रवीणने मान हलवली. त्याच्या मनातला रुपया एव्हाना चंद्रपुरात दुमजली घर झाला होता आणि मामाजींना धानाचं पडलं होतं.

*

चंचल मागच्या खोलीत साडी नेसत होती. ती आरमोरीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करी आणि आजीजवळच राही. लोकांचं रक्त काढताना तिचा हात हलत नसे. आज पिन लावताना हलत होता.

"आजी, बाबा पुढं ढकलून राह्यले का?"

"तुले कोणं सांगतलं?"

"आईनं. म्हणे, लग्नाले उमर पडली आहे, रुपया एकदाच विकते."

सुगंधाबाईंनी तिच्या निऱ्या नीट केल्या. "सुरज काय म्हणते?"

"तो म्हणते, मले रुपया नको, पैसा नको. पण त्याची आई म्हणते, तोच रुपया पाहिजे. उन्हाळ्यात याच केसरबाई म्हणत होत्या, रुपया-बिपया अडाणीपणा आहे, आमच्याकडे अंगठी घालतात." ती जरा थांबली. "आजी, मले कोणाशी भांडायचं नाई. पण आज नाई झालं तर होणार नाई. मी ओळखते बाबाले."

सुगंधाबाईही ओळखत होत्या. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि चिंचेचा डबा उघडला. डब्यात चिंचोके होते.

"रंजीता, चिंच कुठी गेली?"

"मामाजीनं नेली. सगळीच नेली बाप्पा. लय पित्त दिसते."

सुगंधाबाईंनी टोपलीतलं लिंबू घेतलं, विळीवर अर्धं कापलं आणि पदराआड धरून त्या पुन्हा मागच्या खोलीकडे निघाल्या. सणाच्या दिवशी म्हातारी बाई घरातली समई, तांब्या, ताटं घासते. हातासरशी रुपया घासला, तर तिला कोण काय म्हणणार? फार तर अडाणी म्हणतील. त्या तर आधीपासूनच होत्या.

पण त्या उंबऱ्यात पोचल्या आणि अंगणात गाडी येऊन थांबली.

*

"वाघ बसला होता रस्त्यावर," गाडीतून उतरत केसरबाई म्हणाल्या. "उठतच नाई. सुरजनं सांगतलं, हॉर्न वाजवू नका, त्याचा टाइम होईन तवा जाईन."

सुरज वनरक्षक होता, त्यामुळे वाघाच्या टाइमाबद्दल त्याचा शब्द शेवटचा मानत. तो उतरून सगळ्यांच्या पाया पडला आणि चंचल कुठे दिसते का ते कोणाला दिसणार नाही अशा बेताने पाहू लागला. ते सगळ्यांना दिसलं. त्याचे वडील गाडी लावायला जागा शोधायला गेले. महत्त्वाच्या प्रसंगी ते नेहमी गाडी लावायला जात आणि निकाल लागल्यावर परत येत.

केसरबाईंच्या हातात चांदीचं ताट होतं. ताटावर लाल मखमल.

"हे कायले?" रंजीताने विचारलं.

"रुपया ठेवाले. आपली परंपरा होय नं रंजीताबाई. परंपरा म्हटली की जीव आहे माहा."

"तुमच्याकडे अंगठी असते म्हणत होता."

"अंगठी काय, कोणीबी घालते. रुपया आपल्याच दोन घरात आहे." मग जरा हळू, "तोच आहे नं? बदलला तर नाई?"

प्रवीण पुढे झाला. "केसरबाई, तोच आहे. पण आज देता येत नाई. नागपूरचे साहेब येऊन राह्यले पाहाले. आन् दुसरं म्हंजे परतवेल..."

"आता आठवली का परतवेल? प्रवीणभाऊ, पोरगी आमच्या घरी येणार, रुपया तिच्या मुठीत येणार. मंग साहेबाले आम्ही दाखवू पोंभुर्ण्याले. चहा पाजू."

"इतके वर्ष आमच्या ढोलीत राह्यला तो."

"ठेवाले दिला होता. खाले नाई."

मांडवाखाली सरळ दोन बाजू पडल्या. गंमत अशी की उन्हाळ्यात याच दोन बाजू उलट्या होत्या. तेव्हा प्रवीण हात जोडून म्हणत होता, सरकारी नोकरीचा पोरगा आहे, करून टाकू. आणि केसरबाई म्हणत होत्या, पोरगी उंच आहे, सुरजच्या बरोबरीची दिसते. आता केसरबाईंना चंचलची उंची देखणी वाटत होती आणि प्रवीणला सुरजच्या नोकरीत वाघ दिसत होता.

"जंगलातली नोकरी," तो म्हणाला. "जोखीम आहे."

"उन्हाळ्यात जंगल नव्हतं का, बाबा?" दारातून चंचल म्हणाली.

मुखरूभाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात मांडीखाली घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "जेवण कवा हाय?"

"मामाजी, इथी घर मोडून राह्यलं आन् तुमाले जेवण सुचते," रंजीता म्हणाली.

"वड्याचा वास येऊन राह्यला म्हणून इचारलं."

सुगंधाबाई उभ्या राहिल्या. "रुपया मी घेऊन येते. मंग काय भांडाचं थे रुपयासमोर भांडा."

आपण आत किती वेळ लावायचा हेही त्यांनी ठरवलं होतं. समईजवळची राख, पदरातलं लिंबू, आणि दार लोटून घ्यायचं. ढोलीच्या झाकणावर जुना दगडी पाटा ठेवलेला असे. तो त्यांच्याने एकटीने हलत नसे. पण भाऊने सकाळी धान पाहिलं होतं, तेव्हापासून पाटा खालीच होता. त्यांनी धानात कोपरापर्यंत हात घातला, फडकं वर ओढलं आणि गाठ सोडली.

रुपया लखलखत होता.

राणी, तिचा मुकुट, केसांची वळणं, गळ्यातला हार, सगळं काल पाडल्यासारखं. नवरी होऊन आल्या तेव्हासुद्धा त्यांनी राणीचा चेहरा इतका स्वच्छ पाहिला नव्हता. बाई जरा रागीट होती.

त्या तशाच ढोलीला टेकून उभ्या राहिल्या. या खोलीत सकाळपासून होतं कोण? चंचल. साडी नेसत. एवढा वेळ लागते का साडीला? हात हलत होता पोरीचा. फडक्याची एक बाजू अजून ओली होती.

पोट्टीनं केलं, त्यांच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की आता हिच्या बापाला कळलं तर तो जन्मभर हिला ऐकवेल. म्हाताऱ्या बाईला काय, थोडेच दिवस ऐकावं लागतं.

*

त्या बाहेर आल्या तोवर नागपूरचे साहेब येऊन मांडवात बसले होते. गळ्यात भिंग, हातात पांढरे मोजे, आणि समोर पाण्याचा गडू. साक्षगंध आहे हे पाहून ते ओशाळले होते, पण मोजे काढले नव्हते.

सुगंधाबाईंनी फडकं उघडलं.

उन्हाची तिरीप रुपयावर पडली आणि मांडवाच्या कापडावर एक गोल कवडसा नाचला. साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. मग काढलं. मग मोजे काढले. मोजे काढले तेव्हाच प्रवीणला कळलं.

"घासला कोणी?" साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, एखाद्या घरी वाईट बातमी विचारावी तसं.

"मी," सुगंधाबाई म्हणाल्या. "शुभकार्याच्या दिवशी काळा रुपया देऊ का पोरीच्या हातात? समई घासली, तांब्या घासला, हातासरशी यालेबी घासला."

"आई," प्रवीण म्हणाला, "तुह्यासमोर साहेबानं सांगतलं होतं. स्पीकरवर होता फोन."

"तुहा स्पीकर मले कधी समजला?"

"आता किती येईन, साहेब?" केसरबाईंनी विचारलं.

"चांदीचा भाव येईल, बाई. शौकीन माणसं थराला पैसे देतात. हे म्हणजे..." ते शब्द शोधू लागले आणि त्यांना सापडला नाही. "झळाळी मात्र सुंदर आली आहे."

"म्हंजे सगळे पैसे त्या मळाचेच होते?" रंजीताने विचारलं.

"तसंच म्हणा."

"आन् आम्ही इकडं रोज मळ धुऊन टाकतो," रंजीता म्हणाली आणि तिला एकदम हसू फुटलं. ते अयोग्य होतं म्हणून तिने पदर तोंडाला लावला, त्यामुळे ते जास्तच ऐकू आलं.

प्रवीण खाली बसला. दुमजली घर त्याच्या चेहऱ्यावरून एकेक माळ्याने उतरलं. पण तो मनाने वाईट नव्हता, आणि लांब दुःख करण्याइतकी त्याला सवड कधीच नसे. त्याने गडूतलं पाणी प्यायलं, लेकीकडे पाहिलं. लेक त्याच्याकडे पाहत नव्हती. तो म्हणाला, "बरं. करून टाका मंग. परतवेल-बिरतवेल काही नसते. मी मोबाइलवर पाहिलं, जुन्या लोकायच्या गोष्टी आहेत."

सुगंधाबाईंना वाटलं, झालं. आणि त्याच वेळी त्यांनी केसरबाईंकडे पाहिलं. केसरबाई ताटावरच्या मखमलीची घडी घालत होत्या.

"घाई कायले, आत्याबाई?" केसरबाई म्हणाल्या. "प्रवीणभाऊ म्हणत होते तेच बरोबर वाटते मले. पुढच्या महिन्यात करू. आमचीबी अंगठी राह्यली. आन् उंचीचं म्हणाल तर..."

"आई," सुरज म्हणाला. मांडवात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "उंचीचं मी पाहून घेईन. वाकतो मी."

"तू गप राय. मोठे बोलून राह्यले नं?"

एका बाजूने बांध घातला तर दुसऱ्या बाजूने पाणी फुटलं होतं. सुगंधाबाईंनी आणखी काही विचार केला नाही. दारात उभ्या चंचलचा हात धरून तिला पुढे ओढलं आणि रुपया तिच्या तळहातावर ठेवला. कुंकू नाही, अक्षता नाहीत, भटजी अजून वड्यांजवळ.

आता मूठ बंद करणारा पाहिजे होता.

केसरबाई म्हणाल्या, "मामाजी, थांबा जरा."

मुखरूभाऊ थांबले नाहीत. खुर्चीतून उठायला त्यांना नेहमी दोन माणसं लागत. आज एकही लागलं नाही. त्यांनी मांडीखालचे हात काढले, चंचलच्या उघड्या हातावर दोन्ही बाजूंनी ठेवले आणि तिची बोटं मिटवली.

"झालं," ते म्हणाले. "आता वाढा."

केसरबाईंनी मखमलीची घडी उलगडून ताट चंचलच्या हाताखाली धरलं, कारण आता ती त्यांची सून होती आणि शेजारणी पाहत होत्या. तेवढ्यात सुरजचे वडील आले. गाडीला जागा मिळाली म्हणाले.

*

पंगती बसल्या. नाणेवाल्या साहेबांना आग्रह झाला आणि वडे त्यांनी मनापासून खाल्ले. चंचल बुंदी वाढता वाढता आजीजवळ वाकली.

"आजी, तू काऊन घासला? बाबा किती बोलले तुले. माह्यासाठी घासला नं?"

सुगंधाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. या पोरीला खोटं बोलता येत नसे. लहानपणापासून खोटं बोलताना तिचा कान लाल होई. कान गोरा होता, फक्त डोळे ओले होते.

"तू जा, वाढ," सुगंधाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी पंगतीच्या टोकाला पाहिलं. मुखरूभाऊ पत्रावळीवरचा भात कालवत होते. सुगंधाबाई उठल्या आणि जाऊन भावासमोर बसल्या.

"भाऊ, खर्रा नाई घोटला आज?"

"नाई."

"तब्येत बरी हाय नं?"

"बरी हाय."

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं लहान पोराच्या बोटांसारखी स्वच्छ, गुलाबी दिसत होती. नखांच्या कडांना थोडी राख राहिली होती.

"चिंच लागू पडली म्हणाची पित्ताले," सुगंधाबाई म्हणाल्या.

मुखरूभाऊंनी घास घेतला. सावकाश चावला. "लय जुनं पित्त होतं," ते म्हणाले. "रगडून रगडून काढा लागलं."

सुगंधाबाईंनी पदराची गाठ सोडली, आतलं अर्धं लिंबू काढलं आणि त्यांच्या वड्याशेजारी ठेवलं.

मुखरूभाऊंनी लिंबाकडे पाहिलं. मग बहिणीकडे. मग ते वड्यावर पिळलं आणि पान तिच्याकडे सरकवलं.

"घे," ते म्हणाले. "तूबी खा."